लठ्ठपणाचा इतिहास कुठल्या सालापासून लिहायचा?

पोलादपूरकडच्या वाडीत गणपतीला चाकरमानी आला की त्याच्या पोटावरून थट्टा ठरलेली: "मुंबईत बसून खातोस, मग काय होणार!" खाणं त्याचं, आळस त्याचा, म्हणून दोषही त्याचाच. संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांनी हे वाक्य जरा थांबून वाचावं. इतिहास कुठून सुरू करायचा हे त्यात आधीच ठरलंय: तो मुंबईच्या एसटीत बसला त्या दिवसापासून.

आता सुरुवात मागे नेऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यावरचा २००३ चा निबंध जरूर वाचा. तिथल्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो, तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. म्हणजे दिसायला किडकिडीत, पण चरबी राखून असलेलं बाळ. त्याने अजून एकही वडापाव खाल्लेला नाही!

पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. (साखरेविरुद्ध लिहिणारे युडकिन वेगळे, संदर्भ देताना गल्लत करू नका.) दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावरून माणसाची शिस्त मोजणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

पण इथेच एक खड्डा आहे. मुलाला सोडवलं की दोष आईवर जातो: "गरोदरपणी नीट खाल्लं नाहीस." पुण्याच्या त्याच गावांमध्ये बायकांच्या श्रमांचीही नोंद झाली होती. जास्त राबणाऱ्या आयांची बाळं सरासरीने लहान निघाली. आता पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात धो धो पाऊस, एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट. घरातला पुरुष मुंबईला. भातलावणी, लाकूडफाटा, डोक्यावर हंडा बाईच्याच वाट्याला. पुण्याचे आकडे इथे जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत, प्रदेश वेगळा, पिकं वेगळी. पण प्रश्न उचलता येतो: हा हंडा कोणाच्या 'जीवनशैली'त मोजायचा?

मग माणसाच्या हातात काहीच नाही का? असंही नाही, आणि हे मी ठामपणे म्हणतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये छापून आला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत सुमारे ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. खाणं-चालणं बदलायला सतत मदत मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. जबाबदारीवाले यातली घट दाखवतात. मी त्या ३९ कडेही बोट दाखवतो, आणि 'सतत मदत' या दोन शब्दांकडे.

तेव्हा असा विषय घेणार असाल तर फक्त आजचं वजन विचारून परतू नका. आईचं वय, तिची त्या वर्षीची कामं, पाणी किती लांबून यायचं, मुंबईहून पैसे कधी यायचे, रेशनवर काय मिळायचं, हेही विचारा. आणि सुनेसमोर सासूला विचारू नका, उत्तर बदलतं.