मुलांचा फोटो आणि घरातला उजेड

आमच्या घरी माझ्या आत्याचा एक जुना फोटो आहे. १९२९ साली, पुण्यात, आमच्या वाड्याच्या चौकात काढलेला. आत्या तेव्हा दोन वर्षांची होती. फोटोग्राफर आपले दुकान जणू पाठीवर घेऊनच आला होता: तिवईवरचा लाकडी कॅमेरा, काळे फडके, आणि कारंजे व संगमरवरी खांब रंगवलेला एक गुंडाळीचा पडदा. पडदा वाड्याच्या दोन खांबांना बांधला, खुर्ची मांडली, आणि मुलीच्या ज्या गालावर सावली पडत होती त्या बाजूला आजोबांचे धुवट धोतर दोघांनी ताणून धरले. ही हकीकत आजोबा सांगत. फोटोत खुर्चीवर एक काळी शाल पसरलेली दिसते, आणि शालीच्या कडेतून बांगड्या भरलेला एक हात बाहेर येऊन मुलीची कंबर धरून राहिलेला दिसतो. तो हात माझ्या आजीचा. शाल पांघरून ती खुर्चीमागे ओणवी बसली होती. १९३३ साली ती वारली. तिचा दुसरा फोटो नाही.

लहानपणी आम्ही त्या हाताला हसत असू. पुढे हौसेने मी स्वतः दिवा आणि चादर घेऊन आप्तेष्टांच्या घरी मुलांचे फोटो काढू लागलो, तेव्हा त्या हाताकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. छायाचित्रणाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांचा म्हणून वाचतो. मुलांच्या फोटोपुरता तो मला एका प्रश्नाचा इतिहास वाटतो: मुलाने यंत्रासाठी स्तब्ध राहायचे, की यंत्राने आणि उजेडाने मुलाकडे चालत यायचे? आणि मूल स्तब्ध राहीपर्यंत त्याला धरायचे कोणी?

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरची कृती जाहीर झाली. त्या पहिल्या पत्र्यांवर चित्र उमटायला भर उन्हातही मिनिटेच्या मिनिटे लागत. इमारती फोटोला उभ्या राहत. माणसे राहत नसत. १८४० साली व्हिएन्नाच्या पेट्झव्हालने पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश आत घेणारे भिंग तयार केले आणि माणसाचा चेहरा आवाक्यात आला. १८४१ साली रिचर्ड बेअर्डने लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेच्या गच्चीवर काचेच्या छताची खोली थाटली. छताची काच निळी होती. त्या काळचा पत्रा मुख्यतः निळा उजेडच ओळखत असे. त्यामुळे निळ्या काचेने बसणाऱ्याच्या डोळ्यांवरची तिरीप कमी होई, आणि पत्र्याचे फारसे नुकसान होत नसे. पाठीमागे लोखंडी दांड्याचा चिमटा असे, तो मानेला धरून ठेवी. जुन्या फोटोंतले थोर पुरुष इतके गंभीर का दिसतात याचे अर्धे उत्तर त्या चिमट्यात आहे.

मोठ्या माणसाला चिमटा चालतो. दीड वर्षाच्या पोराला कसा चालावा? म्हणून युरोप-अमेरिकेतल्या फोटोग्राफरांनी आईलाच चिमटा केले. तिच्या अंगावर पडदा, गालिचा, काही वेळा नुसती काळी चादर टाकायची, तिच्या मांडीवर मूल बसवायचे, आणि तिला सांगायचे की हलू नको, बोलू नको. असे फोटो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमाप निघाले. मूल मध्ये बसलेले, आणि मागची खुर्ची मात्र माणसाच्या आकाराची, तिला खांदे आहेत. पुष्कळ फोटोंवर नंतर कागदाची अंडाकृती चौकट चिकटवत, म्हणजे मुलापलीकडचे सारे झाकले जाई. आज आपल्याला हा प्रकार विनोदी वाटतो. पण त्या काळी पाळण्यातले मूल शाळेच्या वयापर्यंत पोचेलच याची खात्री कोणत्याच देशात नव्हती. एखाद्या घरात मुलाचा पहिला फोटो हा त्याच्या मृत्यूनंतर काढलेला असे. तेव्हा जिवंत मुलाचा फोटो मिळावा म्हणून आईने चादरीखाली बसणे पत्करले यात हसण्यासारखे काही नाही.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरची ओली कृती काढली. काचेवर कोलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच अंधारात धुवायची. सगळा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत आटोपायचा, नाहीतर काच वाया. म्हणजे फोटो काढायला दुसऱ्याच्या घरी जायचे तर अंधारी खोलीही बरोबर न्यायची! बाटल्या, तबके, काचांच्या पेट्या, काळा तंबू. एखाद्या छोट्या लग्नाच्या वऱ्हाडाइतके ते सामान होई.

असे सामान घेऊन स्नेह्यांच्या घरी जाणाऱ्यांत ऑक्सफर्डचे एक गणिताचे अध्यापक होते, चार्ल्स डॉजसन. जग त्यांना लुइस कॅरोल म्हणून ओळखते. १८५६ साली त्यांनी कॅमेरा घेतला आणि १८८० साली हा नाद सोडला. कॉलेजच्या डीनसाहेबांच्या बागेत त्यांनी लिडेल मुलींचे फोटो काढले. त्यांतली मधली ॲलिस. या ॲलिसबाईंनी उतारवयात आठवणी सांगितल्या, त्या १९३२ साली प्रसिद्ध झाल्या. डॉजसन मुलींना मोठ्या कोचावर दोन्ही बाजूंना बसवत, गोष्ट सांगत, सांगता सांगता कागदावर चित्रे काढत. मुली गोष्टीत पुरत्या रंगल्या की त्यांना जागेवर बसवत आणि तो रंग उतरण्यापूर्वी काच उघडत. म्हणजे चिमट्याचे काम गोष्टीने केले. मुलांच्या फोटोविषयी याहून उपयुक्त सूचना मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

दुसरे उदाहरण ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे. बाईंचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. १८६३ च्या अखेरीस मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. वाइट बेटावर फ्रेशवॉटर गावी त्यांचे घर. तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून त्यांनी स्टुडिओ केला, आणि कोळशाच्या कोठीची अंधारी खोली. घरच्या घरी स्टुडिओ उभारायचा तो असा! सुरुवातीच्या एका फोटोत दोन मुले बसवली होती. त्यांतले एक फिसकन हसले आणि काच फुकट गेली. मग जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी ॲनी नावाच्या एकाच मुलीला बसवले आणि तिला गळ घातली: तू हललीस तर बिचाऱ्या कॅमेरॉनबाईंची औषधे आणि श्रम किती वाया जातील बघ. मुलगी हलली नाही. त्या फोटोला बाईंनी आपले पहिले यश म्हटले, आणि आनंदाच्या भरात घरभर हिंडून त्या मुलीला द्यायला भेटवस्तू शोधल्या. जणू फोटो तिनेच काढला होता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. डॉजसनांनी गोष्ट सांगितली, बाईंनी भीड घातली. मला पहिली रीत अधिक आवडते, पण ॲनीच्या चेहऱ्यावरचा तो गंभीर, थोडा बाजूला वळलेला भाव गोष्टीने आला नसता हेही कबूल करायला हवे. पुढे बाईंच्या मोठ्या काचांना तीन ते सात मिनिटे लागू लागली. नात्यातल्या मुलींना त्या हंसाचे पंख बांधून देवदूत करत. ते पंख जड असत. त्यांतल्या एकीने मोठेपणी लिहिले की त्या फोटोंत आम्ही चिंतातुर दिसतो याचे नवल नको.

आपल्याकडे मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिच्या पहिल्या पिढीतले. पण फोटोग्राफरच्या दुकानापर्यंत घरातली स्त्री आणि तिचे मूल पोचणे ही निराळी गोष्ट. १८९२ साली लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास जनानी स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे सोपवली. कॅमेऱ्यामागे बाई असल्यावर मुलाला धरायला आईने चादर ओढण्याचे कारण उरत नाही. दीनदयाळांची राजेरजवाड्यांची छायाचित्रे सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र त्यांच्या उद्योगातली ही जनानी शाखा अधिक दूरदृष्टीची वाटते.

तोपर्यंत काचही बदलली होती. १८७१ मध्ये मॅडॉक्सने कोरड्या जिलेटिनच्या काचेची वाट दाखवली, आणि त्या दशकाच्या शेवटी अशा काचा बाजारात विकत मिळू लागल्या. अंधारी खोली घरी ठेवून निघता येऊ लागले. मिनिटांचे सेकंद झाले, सेकंदाचे अंश झाले. १९०० साली ईस्टमन कंपनीने एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा विकायला काढला आणि तो मुलांच्याच हातात दिला. कॅमेरा हलका झाला, तरी उजेड मात्र अजून आकाशातच होता. तो घरात आणण्याची खटपट १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी केली. मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनीचे गंधकयुक्त संयुग. काडी लावली की भपकन पांढरा लोळ. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीसने याच भुकटीने अंधाऱ्या चाळींचे फोटो काढले. आंधळ्या भिकाऱ्यांचा फोटो काढताना त्याच्या हातून भिंतीवरच्या कागदाला आग लागली, आणि खोलीत डोळस असा तो एकटाच होता.

लुइस हाइनने हाच उजेड १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध वापरला. न्यूयॉर्कच्या बिऱ्हाडांत जेवणाच्या टेबलाभोवती आईसह चिमुकली मुले कागदी फुले करत बसलेली त्याने टिपली. त्या फोटोंत आई चादरीखाली नाही. ती मुलांच्या शेजारी, त्यांच्याच कामात आहे. कारखान्यात मुलाला यंत्राशेजारी उभे करायचे, म्हणजे यंत्र केवढे आणि मूल केवढे ते दिसते; आणि मुलाची उंची आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मोजून मनात ठेवायची. मुलाला कुठे उभे करावे याचा विचार एवढ्या गंभीर कामासाठी दुसऱ्या कोणी केल्याचे मला माहीत नाही.

त्याच शहरात गर्ट्रूड कॅसेबिअर ही बाई रंगीत पडदे आणि खोटे खांब यांना कंटाळून लोकांच्या घरी, त्यांच्या दारा-खिडक्यांच्या उजेडात फोटो काढू लागली होती. १८९९ सालचा तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे. पांढऱ्या झग्यातली आई, आणि दाराच्या चौकटीत समोर पाहत उभी असलेली मुलगी. आईचा हात मुलीच्या खांद्यावर आहे, पण धरलेला नाही. ती मुलगी काही वर्षांतच गेली, आणि कॅसेबिअरने त्या आईचा एकटीचा फोटो काढला.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९२९ साली जर्मनीत काचेच्या फुग्यात बंद केलेला फ्लॅश आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत; धूर आणि आग गेली. १९३१ पासून एजर्टनच्या विद्युत-फ्लॅशने सेकंदाचे हजारो भाग करून दाखवले. आता मूल उडी मारत असले तरी चालते. आज पूर्ण स्टुडिओ एका खांद्याच्या पिशवीत मावतो.

पण मूल तेच आहे. माझा अनुभव सांगतो. दिवा जितका मुलाजवळ आणि जितका मोठा, तितकी सावली मऊ; म्हणून दिव्यापुढे पांढरे कापड ताणावे. लहान दिवा दोन फुटांवरून चार फुटांवर नेला की उजेड निम्मा होत नाही, पावपट होतो. नवशिके इथे हमखास चुकतात. दुसऱ्या बाजूला आजोबांचे धोतर आजही पुरते. मान न धरणाऱ्या तान्ह्याला दुपट्यावर उताणे निजवावे आणि उजेड डोक्याच्या बाजूने येऊ द्यावा. पायांकडून आला तर हनुवटी आणि नाकपुड्या उजळून बाळ भेसूर दिसते. बसत्या मुलासाठी आपण जमिनीवर पालथे पडावे, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. हातांना वाटी-चमचा द्यावा. आणि पहिली दहा मिनिटे फोटो काढूच नये, मुलाला दिवा पाहू द्यावा. एकदा मी घाई केली, दिव्याच्या तिवईच्या पायात तांदळाची पिशवी अडकवायला विसरलो, आणि दिवा गोधडीवर आडवा झाला. कोणाला लागले नाही, पण ते मूल त्यानंतर दोन वर्षे मला पाहून रडे. “हास ना रे” म्हणणाऱ्या मावश्या-काक्यांना मी हल्ली आतल्या खोलीत चहाला पाठवतो. आईला मात्र ठेवून घेतो.

२०१३ च्या व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात लिंडा फ्रेन्यी नाग्लर या चित्रकर्तीने चादरीखालच्या आयांचे ९९७ फोटो एकत्र मांडले होते. मुलांपैकी काहींची नावे मागे लिहिलेली सापडतात. आयांची बहुधा नाहीत.

१९६१ च्या जुलैत पानशेत फुटले तेव्हा आमच्या वाड्यात पाणी चढले आणि आत्याच्या फोटोची चौकट भिजली. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. नवी चौकट करायला आत्याबरोबर मीच गेलो होतो. दुकानदाराने फोटो उजेडात धरला आणि सुचवले की अंडाकृती कागद घालू, डाग झाकेल, आणि तो हातही जाईल. आत्या म्हणाली, “डाग राहू द्या. हात राहू द्या. तो पडदा झाकता आला तर बघा.”