मोर्णेचा काठ आणि काठावरची माणसे

अकोल्याला समुद्र नाही. वऱ्हाडातला माणूस पहिल्यांदा समुद्र पाहतो तो बहुधा मुंबईला, एखाद्या नातेवाइकाकडे गेल्यावर, चौपाटीवर उभे राहून. पण जुन्या शहराच्या पायथ्याशी वाहणारी मोर्णा पुढे पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात जाते. म्हणजे अकोल्याच्या पुलावरून कोणी निर्माल्याची पिशवी खाली टाकली, तर तिचा रस्ता शेवटी समुद्राकडेच आहे. मधे कुठे ती बाभळीला अडकली, तर तेवढेच समुद्राचे नशीब!

आज बोलायचे आहे ते या मोर्णाकाठाबद्दल, आणि काठावरच्या माणसांनी तो काठ सुधारण्यासाठी काय केले याबद्दल.

अकोला वसले कसे, याची एक दंतकथा जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदवलेली आहे. कान्हेरीचा अकोलसिंग नावाचा राजपूत महादेवाच्या दर्शनाला निघाला असता त्याने एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहिला. ज्या जमिनीत सशालाही एवढे बळ येते ती जमीन मोठी, असे समजून त्याने तिथे मातीचा कोट घातला. अशाच कथा इतर गावांच्याही सांगतात, तेव्हा सशाचे फार मनावर घेऊ नये. इतिहासाला धरून सांगायचे, तर औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या जहागिरीत अकोला होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे तटबंदी झाली आणि असदगड हे नाव त्याच्यावरूनच पडले. पुढे १८४३ मध्ये गोविंद आप्पाजी यांनी किल्ल्याचे काम केल्याचा मराठी शिलालेखही आहे. किल्ला, राजराजेश्वराचे देऊळ, दहीहांडा वेस आणि त्यांच्या आजूबाजूच्या चिंचोळ्या गल्ल्या हे सगळे मोर्णेच्या पश्चिम काठावर. पूर्वेच्या काठावर ताजनापेठ.

पूर्वी नदी हेच गावाचे तोंड होते. पाणी तिथूनच यायचे. उन्हाळ्यात धार बारीक झाली की बाया वाळूत झिरे काढत आणि वाटीवाटीने गुंड भरत. धुणे तिथे, ढोरे पाण्यावर न्यायची तिथे, गणपती आणि भुलाबाई बोळवायच्या त्याही तिथेच. ज्या पाण्याचा घोट आपल्याच पोटात जायचा आहे, त्यात घाण टाकायला माणूस दहादा विचार करतो. नदी स्वच्छ ठेवा, असा फलक तेव्हा कुठे लावावा लागत नव्हता.

मग १८६७ च्या सुमारास भुसावळ-नागपूर रेल्वे झाली. कापसाचा बाजार, जिनिंग-प्रेसिंग, कचेऱ्या, साहेब लोकांचे बंगले हे सारे स्टेशनच्या बाजूने, म्हणजे पूर्व काठावर वाढले. कापशीच्या तलावाचे पाणी आले, नंतर महानच्या काटेपूर्णा धरणाचे आले. नळ घरात आला आणि नदीची गरज संपली. हळूहळू घरांची तोंडे रस्त्याकडे आणि मोऱ्या नदीकडे अशी रचना झाली. वरच्या अंगाला मोर्णेवरही धरण झाले. पावसाळा सोडला तर शहरातून वाहायला नदीचे स्वतःचे असे पाणी फारसे उरले नाही. उरले ते नाल्यांचे.

हे कोणी ठरवून केले नाही. नळ नको होते, असेही कोणी म्हणणार नाही. पण नदीकडे पाठ फिरली ती अशी.

त्या पाठमोऱ्या काठावर मग बेशरम वाढली, आणि पाण्यावर जलकुंभी. ही जलकुंभी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची जांभळी फुले पाहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हौसेने ती बंगालमध्ये आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. तिला हवे असते संथ पाणी आणि त्यात भरपूर नत्र व स्फुरद, म्हणजे नेमके सांडपाणी. अनुकूल दिवसांत पंधरवड्याच्या आत ती दुप्पट होते. पाण्यावर तिची गादी पसरली की ऊन खाली जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, डास मात्र सुखाने नांदतात. तिचे बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षेसुद्धा जिवंत राहू शकते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

२०१८ च्या जानेवारीत अकोल्यात ‘मोर्णा स्वच्छता मिशन’ सुरू झाले. पुढाकार होता जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांचा. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, चार किलोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही काठांवर चौदा ठिकाणी लोक उतरले. सहा हजारांहून अधिक माणसे आणि शंभरावर स्वयंसेवी संस्था. कॉलेजची मुले, शाळकरी पोरे, घरच्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, असे सगळेच. पुढच्या शनिवारी, २० तारखेला, पुन्हा. नदी स्वच्छ होईपर्यंत दर शनिवारी सकाळी यायचे, असे ठरले. २८ जानेवारीला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या ‘मन की बात’मध्ये अकोलेकरांच्या या कामाचा उल्लेख केला आणि मोर्णेचे नाव देशभर ऐकू गेले. वऱ्हाडात एरवी रेडिओवर नाव यायचे ते दुष्काळाचे किंवा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे. त्यामुळे त्या दिवशी अकोलेकरांना बरे वाटले असेल तर त्यात नवल नाही.

यावर एक शंका तेव्हाही घेतली गेली. ही मोहीम लोकांची की साहेबांची? प्रश्न रास्त आहे. अधिकारी बोलावतो तेव्हा बरेच जण फोटोपुरते येतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण जलकुंभी उपसणे हे फोटोपुरते काम नाही. ती पाण्याने जड असते, तिच्या मुळांना गाळ चिकटलेला असतो आणि त्या गाळाचा वास घरी गेल्यावर दोनदा आंघोळ केली तरी जात नाही. थंडीच्या सकाळी ज्यांनी त्यात हात घातला, त्यांना निव्वळ बघे म्हणणे अन्यायाचे होईल.

शिवाय वऱ्हाडाला हे काम नवे नव्हतेच. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे जत्रा भरते, माणसे नदीत आंघोळ करतात. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे वाढलेले डेबूजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, १९०५ मध्ये घर सोडून निघाले आणि तीनच वर्षांनी, १९०८ मध्ये, त्यांनी पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यानंतरची, १९१७ ची. म्हणजे बाबांच्या मोठ्या बांधकामांची सुरुवात देवळाने किंवा मठाने झाली नाही, नदीच्या काठाने झाली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांना या गोष्टीचे फारसे अप्रूप नाही. अमरावतीच्या परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या, तो १८०७ मध्ये सुरू होऊन पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या सरकारने बांधवला, हे मुले पाठ करतात. करावे. पण जिथे हजारो माणसे पाण्याला उतरतात, ती जागा कोणी, कशी नीट केली, हाही इतिहासच आहे.

बाबांची रीत काय होती? गावात शिरले की आधी झाडू. कोणाला बोलावणे नाही, उद्घाटन नाही. एक माणूस रस्ता झाडतो आहे हे पाहून लाजेने दुसरा येई, मग तिसरा. दिवसभर गाव झाडून रात्री कीर्तन, आणि उजाडायच्या आत बाबा पुढच्या गावाला गेलेले. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी तेच सूत्र वेगळ्या रीतीने चालवले. पहाटे गाव झाडून काढायचे आणि मग स्वच्छ रस्त्याने रामधून निघायची. ‘ग्रामगीते’त तर ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे. दोघांचाही भर रोजच्या कामावर होता. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांचे देहावसान झाले ते वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर. नदीशी सुरू झालेले काम नदीवरच थांबले.

आता समुद्राकडे वळू. मुंबईत वर्सोव्याचा किनारा हा मूळचा कोळ्यांचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे राहायला आलेले वकील अफरोज शाह आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या शेजाऱ्याला घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि कचरा उचलू लागले. दोघेच. पुढे दर शनिवार-रविवारी माणसे वाढत गेली, कोळीवाड्यातले लोक आले, लाखो किलो कचरा निघाला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना पर्यावरणाचा सर्वोच्च पुरस्कार दिला. पण खरी परीक्षा नंतर झाली. उचललेला कचरा वाहून नेला जाईना, वर दमदाटी होऊ लागली, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवले आणि तसे जाहीर केले. बोभाटा झाला, आश्वासने मिळाली, काम पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या मार्चमध्ये, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर, त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. आपण कचरा उचलू, पण तो उचलला की नेण्याची जबाबदारी कोणाची, हे वर्सोव्याच्या रहिवाशांनी चारचौघांत विचारले. झाडू इतकाच तो प्रश्नही महत्त्वाचा होता.

मोर्णेच्या बाबतीत हा प्रश्न पुरेसा लावून धरला गेला नाही, असे माझे मत आहे. शनिवार काही काळ चालले, नंतर विरळ झाले. साहेबांची बदली व्हायची ती झालीच. ती होणार हे कोणाला ठाऊक नव्हते? जलकुंभी परत आली. येणारच होती, कारण तिचे बी गाळात होते आणि तिचे अन्न रोज नाल्यांतून येतच होते. ती उपसणे म्हणजे भरल्या ताटावरची माशी हाकलणे. ताट तसेच ठेवले तर माशी पुन्हा बसते. २०२१ च्या जुलैत एका रात्री धो धो पाऊस झाला आणि मोर्णेने आपली जुनी हद्द मागितली. खडकी, कौलखेड भागात घराघरांत पाणी शिरले. ज्या नदीला आपण नाला म्हणत होतो ती नदी आहे, हे त्या रात्री अंथरूण-पांघरूण डोक्यावर घेऊन बसलेल्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तरीही २०१८ चे ते शनिवार वाया गेले, असे मी म्हणणार नाही. ज्या पोराने तेव्हा गुडघाभर गाळात उभे राहून जलकुंभीची मोळी ओढली, त्याला घरची मोरी कुठे जाते हे पहिल्यांदा कळले. आणि अकोल्यात माणसे जमवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पाहा. जुन्या शहरातल्या गल्लीगल्लीचे मंडळ गांधीग्रामला पूर्णेवर जाते, घागरी भरते आणि अठरा किलोमीटर पायी चालून ते पाणी राजराजेश्वराला घालते. कोण खांदा देणार, कोण वाटेत फराळ वाटणार, कोण गर्दी आवरणार हे सगळे गल्लीतच ठरते. वर्गणीचा हिशेबही गल्लीतच होतो. सरकारी आदेश लागत नाही की पुरस्कार लागत नाही.

पूर्णेच्या पाण्याच्या त्या कावडी रात्रभर चालून अकोट रस्त्याने शहरात येतात. देऊळ पलीकडच्या काठावर. तेव्हा राजराजेश्वराला पोहोचण्याआधी प्रत्येक कावड मोर्णेच्या पुलावरूनच जाते. खांद्यावर घागर असल्यामुळे पोरांना खाली वाकून पाहता येत नाही. मागून चालणाऱ्या मोकळ्या हातांच्या माणसांना मात्र पुलाखालचे सगळे दिसते.