रिकामा हौदा

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावरील संग्रहालयात हत्तींच्या हौद्यांचे दालन आहे. त्यात चांदीच्या पत्र्याने मढविलेला एक हौदा आहे. शाहजहान बादशहाने १६५७ साली महाराजा जसवंतसिंह राठोड यांस तो हत्तीसह बहाल केला. आमच्या शाळेची सहल तेथे गेली असता एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, यात चांदी किती असेल?" प्रश्न स्वाभाविक होता, परंतु या हौद्याचे खरे मोल चांदीच्या वजनात नसून, तो ज्या वेळी दिला गेला त्या वेळेत आहे, असे आम्हांस वाटते.

छत असलेली ती अंबारी, उघडा तो हौदा. या हौद्याचे दोन भाग आहेत. पुढील भाग प्रशस्त, समोर उंच कठडा असलेला, तो राजाचा. मागील अरुंद भाग सेवकाचा. बसणाऱ्याचे रक्षण व्हावे आणि तो सर्वांस दिसावा, अशी ही दुहेरी योजना होय.

१६५७ च्या सप्टेंबरात बादशहा आजारी पडला आणि पुत्रांमध्ये गादीचा कलह पेटला. बादशहा व दारा शुकोह यांस राठोडांच्या तलवारींची निकड भासली. वर्षअखेरीस जसवंतसिंहांची रवानगी माळव्यात झाली. हे ध्यानी घेतले म्हणजे बादशाही सन्मान हा लगामही असतो, हे उमगते.

एप्रिल १६५८ मध्ये उज्जैनजवळ धरमत येथे औरंगजेब व मुराद यांच्याशी त्यांची गाठ पडली. रतलामचे संस्थापक रतनसिंह राठोड तेथे पडले. त्यांची छत्री आजही त्या रणभूमीवर उभी आहे. जखमी जसवंतसिंह जोधपुरास परतले. पुढे काही आठवड्यांनीच आग्र्याजवळ सामूगढला दारा ऐन लढाईत हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहताच तो पडला अशी फौजेची समजूत झाली आणि तिचा धीर सुटला. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊंबाबतही अशीच हकीगत सांगितली जाते. धनी दिसेनासा झाला की सैन्य मोडते, ही त्या काळच्या युद्धपद्धतीची उणीव होती.

जसवंतसिंह पुढे औरंगजेबाच्याच चाकरीत गेले. १६६३ साली शायिस्ताखानासह ते पुण्यास होते. त्यांनी सिंहगडास घातलेला वेढा १६६४ साली निष्फळ होऊन उठला. १६७८ साली जमरूद येथे, मायभूमीपासून दूर, त्यांचा अंत झाला; आणि पुढील वर्षीच औरंगजेबाने मारवाड खालसा केले. ज्या घराण्यास चांदीचा हौदा देऊन गौरविले, त्याच घराण्याचे राज्य बावीस वर्षांच्या आत त्याच तख्ताने हिरावून घेतले!

आम्ही शिक्षक मुलांस संग्रहालयात नेतो, तेव्हा वस्तूचे नाव आणि साल वहीत उतरवून घेतो व पुढील दालनाकडे वळतो. तेवढ्याने इतिहास हाती लागत नाही. ही वस्तू कोणी दिली, कोणत्या गरजेपोटी दिली आणि घेणाऱ्यास तिची काय किंमत मोजावी लागली, हे तीन प्रश्न मुलांनी विचारावयास शिकले पाहिजे. चांदी किती, हे विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्यास आम्ही परतीच्या वाटेवर हेच सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, हौदा महागच पडला."

उत्तर बरोबर होते.