मीटिंगला नसलेल्या माणसाची सही

गेल्या महिन्यात एक व्हॉल्व्हमन माझ्याकडे आला होता. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. टायफॉइडने नऊ दिवस दवाखान्यात होता. कामावर परतला तर कळलं की मधल्या काळात स्टाफ मीटिंग झाली आणि रात्रपाळी कायमची त्याच्या गळ्यात पडली. वर साहेबांनी रजिस्टर पुढे केलं, "कर सही, सगळ्यांनी केलीय." रजिस्टरवर तारीख मीटिंगची. उपस्थितांच्या यादीत याचं नाव. म्हणजे त्या दिवशी हा माणूस सलाईन लावून कॉटवरही होता आणि मीटिंगमध्ये खुर्चीवरही होता.

"दादा, याची बातमी होईल का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, होणार नाही. म्हणालो खरा, पण डोक्यातून जाईना. कारण ही सही मी वीस वर्षं वेगवेगळ्या रूपात बघतोय. कुठे ती 'कार्योत्तर मंजुरी' असते, कुठे 'ऐनवेळचे विषय' असतात, कुठे घरोघर फिरणारं ग्रामसभेचं रजिस्टर असतं. आधी ठरवायचं, मग संमती गोळा करायची.

आणि मंडळी, नेमक्या याच गोष्टीवरून आपल्या देशात दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मोठं भांडण झालं होतं. ते शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मीटिंगचे नियम म्हटलं की आपल्याला वाटतं, हे इंग्रजांनी आणलं. किंवा मॅनेजमेंटच्या कोर्सवाल्यांनी. जास्त वाचलेला माणूस अमेरिकेतल्या हेन्री रॉबर्टचं नाव घेईल. हा लष्करातला इंजिनिअर. चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अंगावर पडलं, सभा हाताबाहेर गेली, आणि त्या फजितीतून पुढे 1876 साली त्याने सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. छान आहे ते. पण 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेगळीच आठवण करून दिली होती. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं बौद्ध भिक्षुसंघाला माहीत होतं, आणि बुद्धांनी ते त्या काळच्या राजकीय सभांकडून घेतलेलं असणार, असं त्यांनी सांगितलं. ही व्यवस्था भारताने एकदा गमावली, आता पुन्हा गमावणार का, हा त्यांचा प्रश्न होता.

ते नियम विनयपिटकात आहेत. मराठीत वाचायचे तर धर्मानंद कोसंबींचं 'बौद्ध संघाचा परिचय' मिळवा.

गंमत म्हणजे हे नियम कुणी एका बैठकीत बसून लिहिलेले नाहीत. आधी कुणीतरी घोळ घालतो, तक्रार येते, मग नियम होतो. त्या कथांमध्ये सहा जणांचं एक टोळकं वारंवार येतं, षड्वर्गीय भिक्षू. जिथे पळवाट तिथे हे हजर. (आपल्या ऑफिसातले सहा आठवले ना?) या सहा जणांनी एकदा काही भिक्षूंच्या गैरहजेरीत त्यांच्यावर कारवाईचे ठराव करून टाकले. त्यावर नियम आला : ज्याच्याबद्दल निर्णय आहे तो समोर हजर नसताना त्याच्यावर असली कारवाई करायची नाही. केली तर दोष करणाऱ्याचा.

मग आजारी माणसाचं काय? इथे तर मी थांबून दोनदा वाचलं. पंधरवड्याच्या उपोसथाच्या बैठकीला आजारी भिक्षूने आपला निरोप दुसऱ्याबरोबर पाठवावा. निरोप देता येत नसेल तर त्याला खाटेवर किंवा बाकावर घालून बैठकीत आणावं. हलवल्याने दुखणं वाढेल किंवा जीव जाईल असं सेवा करणाऱ्यांना वाटलं, तर सगळ्या संघाने उठून त्याच्याजवळ जावं आणि तिथे बैठक घ्यावी. पण अपुऱ्या संघाने बैठक उरकायची नाही. इतर कामकाजासाठीही आजाऱ्याने आपली संमती निरोपाने पाठवायची असते. ती बैठकीच्या आधी. नंतर नाही.

कामकाजाची रीतही साधी. आधी विषय मांडायचा, त्याला ज्ञप्ती म्हणत. नंतर ठराव मोठ्याने सांगायचा, महत्त्वाचा असेल तर तीनदा. ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, ज्याला मान्य नाही त्याने बोलावं. विषयच न मांडता ठराव केला तर तो ठराव रद्दबातल. आता आपल्याकडचं 'मंजूर, मंजूर' आठवा. विषय वाचायच्या आत टेबलं वाजलेली असतात. मौन म्हणजे संमती हे आपल्याला बरोब्बर पाठ आहे. त्याच्याआधी तीनदा विचारायचं असतं, तेवढं विसरलं.

सहकाऱ्याची चूक बैठकीत काढायची असेल तर आधी त्याची परवानगी मागायची. आणि स्वतःला पाच गोष्टी विचारायच्या : वेळ योग्य आहे का, खरं आहे का, सौम्यपणे बोलणार आहे का, त्यातून काही हित होणार आहे का, मनात आकस तर नाही ना. सोमवारच्या आढावा बैठकीत ही चाळणी लावली तर अर्ध्या साहेबांना बोलायला विषय उरणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही सोडलेलं नाही. रीतसर निर्णयाला संमती द्यायची आणि बाहेर जाऊन कुरकुर करायची, हा दोष. चर्चा चालू असताना संमती न देता उठून जायचं, हाही दोष. मीटिंगमध्ये मुग गिळून बसणारे आणि चहाच्या टपरीवर वाघ होणारे आपल्याकडे काय कमी आहेत! मी स्वतः त्यातलाच, खोटं कशाला बोलू.

गणपूर्तीचं तर ऐकाच. कामानुसार चार, पाच, दहा, वीस अशी किमान संख्या ठरलेली होती. नव्या भिक्षूला उपसंपदा द्यायला दहा लागत. पण अवंती-दक्षिणापथात भिक्षू थोडे. सोण कुटिकण्ण नावाच्या एका माणसासाठी दहा जण जमवायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं थांबले, पण यादीत खोटी नावं भरली नाहीत. पुढे ही अडचण बुद्धांच्या कानावर घातली गेली, तेव्हा सीमेवरच्या प्रदेशांसाठी दहाचे पाच झाले. पाचाचं शून्य नाही झालं. आपल्या ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती नाही भरली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधनच नाही. पहिली सभा पाडायची आणि दुसरीत चौघांनी उरकायचं, हे सगळ्या गावांना ठाऊक आहे.

आता ते भांडण. परंपरेनुसार बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्षूंनी दहा सवलती घ्यायला सुरुवात केली. गाजली ती सोनं-चांदी घेण्याची. उपोसथाच्या दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं आणि लोकांना म्हणायचं, संघासाठी नाणी टाका. यश नावाचा भिक्षू तिथे आला होता. तो लोकांना म्हणाला, टाकू नका. जमलेल्या पैशातून त्याचाही वाटा काढला गेला. त्याने घेतला नाही. मग त्याच्यावरच ठराव झाला की लोकांची माफी माग. तो लोकांकडे गेला आणि माफीऐवजी नियम समजावून सांगितला. लोकांना पटलं. तेव्हा 'आम्हाला न विचारता बाहेर बोललास' म्हणून त्याला निलंबित करायला निघाले. ही भाषा ओळखीची वाटते ना?

पण त्या दहा सवलतींत आणखी एक होती, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अनुमतिकप्प. अपुऱ्या संघाने काम उरकून घ्यायचं आणि मागाहून येणाऱ्यांची संमती नंतर घ्यायची. म्हणजेच आपली कार्योत्तर मंजुरी. सोन्या-चांदीच्या रांगेत हीसुद्धा बसवली होती.

यशने गावोगाव निरोप धाडले, त्यात अवंती-दक्षिणापथातले भिक्षूही आले. वैशालीला सातशे जण जमले. चर्चा सुरू झाली आणि भरकटली. कोण काय बोलतंय याचा पत्ता लागेना. मग रेवत स्थविरांनी प्रस्ताव मांडून पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार अशा आठ जणांची समिती नेमली. अशा समितीला उब्बाहिका म्हणत, आणि चर्चेचा गोंधळ झाला की ती नेमावी हा नियम आधीच होता. बसण्याची जागा ठरवायला अजित नावाच्या कनिष्ठ भिक्षूला वेगळं नेमलं. वालिकारामात रेवतांनी एकेक मुद्दा विचारला, वयोवृद्ध सब्बकामींनी उत्तर दिलं. दहाच्या दहा सवलती नामंजूर. आणि हे झाल्यावर रेवतांनी तेच प्रश्न पुन्हा सगळ्या संघासमोर विचारले. समितीत ठरलं म्हणून विषय संपवला नाही.

उगाच सोन्याचा मुलामा द्यायला नको. शलाका म्हणजे काड्या वाटून मतदान होई, पण गुप्त मतदानात कौल धर्माविरुद्ध दिसला तर मोजणाऱ्याला ते रद्द करून पुन्हा घेता येई. आजच्या मतपेटीशी हे जुळत नाही. भिक्षुणींना भिक्षूंच्या बरोबरीचा अधिकार नव्हता. आणि वैशालीच्या निकालानंतरही संघ एकसंध राहिला नाही.

तरी अनुमतिकप्प तेव्हा नामंजूर झाला होता, हे मला त्या व्हॉल्व्हमनला सांगावंसं वाटलं. सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आता सही करू का नको?" मी म्हणालो, करायचीच झाली तर आजची तारीख टाक, आणि 'त्या दिवशी दवाखान्यात होतो' एवढं सहीखाली लिही.

त्याने तसं लिहिलं. साहेबांनी रजिस्टर बंद केलं, काही बोलले नाहीत. रात्रपाळी अजून त्याच्याकडेच आहे. पुढची मीटिंग येत्या सोमवारी आहे, मागचं इतिवृत्त वाचून दाखवा असा अर्ज त्याने दिलाय. अर्जावर आणखी दोघांच्या सह्या आहेत.