मोहाचं फूल : फांट, दारू आणि कायदा

फुलांचा चहा आणि आरोग्य असा विषय निघाला की आपल्याला जास्वंद आठवते, गुलाब आठवतो. नागपुरात बसून बोलताना मला मात्र मोहाकडे वळावंसं वाटतं. इथून पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोली. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या जंगलात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. ती फुलं वेचायची, वाळवायची आणि वर्षभर वापरायची. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८७१ च्या आपल्या पुस्तकात मध्य भारतातल्या वनवासींचं अन्न म्हणून मोहाची नोंद केली आहे.

आता चहाचं बघू. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेत औषध पाण्यात उतरवण्याच्या निरनिराळ्या रीती सांगितल्या आहेत. साल, मुळं यांसारखी कठीण द्रव्यं सोळा पट पाण्यात उकळून आटवायची, तो काढा. आणि कुटलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतून ते गाळून घ्यायचं, तो फांट. म्हणजे आपल्या चहाचीच रीत झाली की! त्या फांटाच्या प्रकरणात मोहाच्या फुलांपासून सुरू होणारा एक योग आहे. तहान आणि अंगाचा दाह यांवर तो सांगितला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पण एक सावधगिरी हवी. त्या योगात ज्येष्ठमध आहे, चंदन आहे, इतरही द्रव्यं आहेत. सगळ्या योगाचा गुण एकट्या मोहाच्या नावावर टाकणं हा तर्कदोष झाला. शिवाय वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. मधुमेह असलेल्यांनी ‘नैसर्गिक आहे’ एवढ्यावर भुलू नये.

हीच साखर या फुलाच्या इतिहासाचं मूळ आहे. फुलं गरम पाण्यात टाकून लगेच गाळून प्यायली तर तो फांट. तीच काही दिवस भिजत ठेवली की साखर आंबते, आणि मग ऊर्ध्वपातन केलं की दारू. फूल तेच, पाणी तेच. फरक पडतो तो वेळेनं आणि कृतीनं.

कायद्यानं मात्र कृतीऐवजी फुलावरच बोट ठेवलं. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. पण मुंबई इलाख्यात काय झालं ते पाहायला हवं, कारण तोच विचार पुढे आपल्याकडे आला. तिथे १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर दारू गाळण्यावर सरकारची पकड घट्ट झाली. चोरून दारू गाळली जाते, महसूल बुडतो, म्हणून १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडे खास मोहफुलांसाठी कायदा आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण राहिलं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे हा कायदा इकडेही लागू झाला. ज्या घरात मोह हे अन्न होतं, त्या घरातली टोपली संशयाची वस्तू झाली.

दुसरी बाजूही खरी आहे, ती झाकून चालणार नाही. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली ती तिथल्याच लोकांच्या, विशेषतः बायकांच्या मागणीतून. दारूनं घरं मोडतात हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा प्रश्न ‘मोह चांगला की वाईट’ असा मांडताच येत नाही. वस्तूला नीती नसते, तिच्या वापराला असते. महसूल वाचवणाऱ्यांना हा भेद करायची गरज वाटली नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध सैल केले. आता मोहाचे लाडू, सरबतं, चहा असे पदार्थ बाजारात दिसू लागले आहेत. ते जरूर घ्या, चव बघा. पण पाकिटावरचे आरोग्याचे दावे वाचताना आणखी एक विचारा : यातले किती पैसे पहाटे फुलं वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतात? तिच्याही आरोग्याचा हिशेब या चहात धरायला हवा.