बिनशेपटीची मांजर

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात किल्ला उभा राहतो. त्यासाठी विकत काहीच आणावयाचे नसते. फुटक्या विटा, गोणपाट, जुन्या पेटीचे फळकूट, विहिरीकाठची माती. ज्याचे मूळचे काम संपले, त्याला येथे नवे काम मिळते. एका वर्षी आमच्या धाकट्याने बुरुजाआडून वळत जाणारा जिना केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंगणातही तस्साच जिना! चिरंजीव रडकुंडीला आले. "बाबा, त्यांनी माझा किल्ला चोरला!" त्या रात्री कंदिलाखाली बसून मी त्याला ब्रूस मायर्सची गोष्ट सांगितली. वाचकहो, तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मायर्स अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. जन्म 1926 चा. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारा हा पोरगा महायुद्धात आरमारात गेला. 11 मे 1945 रोजी ओकिनावाजवळ 'बंकर हिल' या विमानवाहू जहाजावर दोन जपानी आत्मघातकी विमाने कोसळली. सुमारे चारशे माणसे दगावली. एकोणीस वर्षांचा मायर्स पाण्यात उडी टाकून वाचला. पुढे तो फायबरग्लासच्या बोटी बांधू लागला. काचेच्या तंतूंचे कापड साच्यावर पसरावयाचे, राळेत भिजवावयाचे, आणि वाळले की साच्यातून हलके, चिवट कवच काढून घ्यावयाचे, ही ती विद्या.

त्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांत गाड्या पळवण्याचे वेड होते. लोक जुन्या मोटारींचे पत्रे उतरवून, उरलेला सांगाडाच दामटीत. मायर्सची नजर गेली ती जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलवर. ही गाडी दुसऱ्या कामासाठी उघडण्यास फार सोयीची. इंजिन मागे, त्यामुळे भार मागच्या चाकांवर पडून ती वाळूत पकड घेतात. इंजिन वाऱ्याने थंड होते, म्हणून रेडिएटरची कटकट नाही. आणि वरचे सारे धूड खालच्या तळाला नटबोल्टांनी जोडलेले. बोल्ट काढा, चार माणसे हाताला घ्या, की धूड बाजूला!

1964 साली न्यूपोर्ट बीच येथे घरच्या गॅरेजात त्याची पहिली लाल गाडी तयार झाली. तिला पुढे 'ओल्ड रेड' म्हणू लागले. आखूड, गुबगुबीत, दारे नसलेली, मागून कापल्यासारखी. नाव पडले 'मायर्स मँक्स'. मँक्स म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरची बिनशेपटीची मांजर.

पहिल्या डझनभर गाड्यांत फायबरग्लासचे कवचच सांगाड्याचेही काम करी. ते खर्चाचे व किचकट ठरले. मग त्याने खरी सोपी वाट काढली. बीटलचा मूळचा तळच वापरावयाचा, पण मधून सुमारे चौदा इंचांचा तुकडा कापून दोन्ही भाग पुन्हा वेल्डिंगने जोडावयाचे. आखूड गाडी चटकन वळते, आणि उंचवट्यावर पोट टेकत नाही. मात्र तळ आखडला की त्यातून जाणारे सारेच आखडावे लागते: गिअरची दांडी, ब्रेकच्या नळ्या, केबलींची भुंगळी. जोड रेसभर वाकडा बसला, तर गाडी जन्मभर तिरपी चालावयाची. एवढे साधले की मायर्सचे कवच वर ठेवून बोल्ट आवळावयाचे. अपघातात चेपलेली किंवा गंजून भंगारात निघालेली बीटल अशी पुन्हा रस्त्यावर येई. ज्याच्यापाशी हत्यारे, एक शेजारी आणि काही रविवार असतील, त्याला मोटार 'बांधता' येऊ लागली!

एप्रिल 1967 मध्ये मायर्स आणि त्याचा मित्र टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतील तिहुआना व ला पाझ यांमधील सुमारे हजार मैलांची खडकाळ वाट 34 तास 45 मिनिटांत तोडली. मोटारसायकलवाल्यांचा आधीचा विक्रम सुमारे चाळीस तासांचा होता. नोव्हेंबरात त्याच मुलुखात पहिली 'मेक्सिकन 1000' शर्यत झाली. तीही मँक्सने जिंकली. 1968 च्या 'द थॉमस क्राउन अफेअर' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने मँक्स पळवली. मग काय, मागणीचा पूर लोटला.

आणि पुराबरोबर लव्हाळेही आले. जे कवच साच्यातून निघते, त्यावरून दुसरा साचाही काढता येतो. एक मँक्स विकत घ्या, तिचाच ठसा घ्या, कारखाना सुरू! मायर्सने पेटंट घेतले होते. तो नक्कल करणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात गेला. निकाल उलटा लागला; पेटंटच टिकले नाही. त्याच्या कंपनीने सहा-एक हजार संच विकले. जगभर निघालेल्या नकलांचा अंदाज अडीच लाखांच्या वर जातो. 1971 साली कंपनी बंद पडली.

येथे माझा मुलगा म्हणाला, "मग तो शेजाऱ्यांशी बोललाच नसेल पुन्हा!"

मलाही आधी तसेच वाटले होते. एखाद्याने आपली कादंबरी उचलून स्वतःच्या नावावर छापली, तर मी काय करीन, हे मला ठाऊक आहे. मायर्सही कितीएक वर्षे या गाड्यांपासून दूर राहिला. पण ज्या सोपेपणामुळे त्याची गाडी घरोघर पोचली, त्याच सोपेपणाने तिचा चोर घडवला; एक ठेवून दुसरे टाळता येणे कठीण होते. 1994 साली त्याने मँक्स क्लब काढला, 2000 मध्ये पुन्हा कंपनी सुरू केली. 2014 साली त्या पहिल्या लाल गाडीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाली. त्या वहीतली ती दुसरीच गाडी. फेब्रुवारी 2021 मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन, मायर्स गेला.

धाकटा काही बोलला नाही. सकाळी पाहतो तो शेजारच्या अंगणात उकिडवा बसलेला. त्यांचा जिना ढासळला होता. "अरे, नुसती माती नाही टिकत," तो सांगत होता, "खाली विटेचा तुकडा दे."

परत आल्यावर मी विचारले, "काय रे, मिटले भांडण?"

"नाही," तो म्हणाला, "पण जिना माझा आहे ना? पडलेला बरा नाही दिसत."