रात्रीचा हेडफोन : शंभर वर्षांचा प्रवास आणि आपले कान

"डॉक्टर, रात्री टीव्ही ऐकायला कोणता हेडफोन घेऊ? फार महाग नको, आणि घरातल्या कुणाची झोप मोडायला नको." गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला बीपीच्या गोळ्यांइतकाच नियमित विचारला जातो. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. कुणी निवृत्त गृहस्थ असतात, ज्यांना अकरानंतर जुनी गाणी लावल्याशिवाय झोप येत नाही. कुणी रात्री लेक्चर ऐकणारी नीटची विद्यार्थिनी असते. कुणाच्या दोन खोल्यांच्या घरात तान्हं बाळ असतं.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. पण हेडफोन ही वस्तू कशी घडत गेली हे कळलं, की दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात 1881 च्या पॅरिसमधून करू. तिथल्या विजेच्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या इंजिनीअरने ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर टेलिफोनचे ट्रान्समीटर बसवले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत आणल्या. लोक रांगेत उभे राहून दोन रिसीव्हर दोन्ही कानांना लावायचे आणि दूरवर चाललेलं गाणं ऐकायचे. पुढे ही सेवा पॅरिसमध्ये वर्गणी घेऊन घरोघरी मिळू लागली. लंडनमध्ये 1895 पासून 'इलेक्ट्रोफोन' नावाची तशीच सेवा होती, आणि पहिल्या महायुद्धात तिथल्या रुग्णालयांतले जखमी सैनिक खाटेवर पडल्या पडल्या तिच्यावर नाटकं आणि गाणी ऐकत. डॉक्टर म्हणून मला यात विशेष वाटतं ते हे, की 'शेजारच्याला त्रास न देता ऐकणं' ही गरज रुग्णालयाच्या वॉर्डमध्ये इतक्या लवकर दिसली होती.

डोक्यावर बसणारा, आजच्यासारखा हेडफोन आला 1910 मध्ये. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाचे गृहस्थ होते. प्रार्थनासभेतलं प्रवचन नीट ऐकू येत नाही, ही त्यांची मूळ तक्रार. त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवला आणि अमेरिकन नौदलाकडे पाठवला. नौदलाने तो तपासला, आवडला, आणि आणखी मागवले. बाल्डविन यांनी कळवलं की एका वेळी दहाच बनवता येतील, कारण कारखाना म्हणजे स्वयंपाकघरच! प्रत्येक कानाच्या डबीत सुमारे मैलभर लांबीची बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असे.

इतकी तार कशासाठी? कारण त्या काळात आवाज वाढवणारं यंत्र नव्हतं. रेडिओच्या लहरीतून जी किंचितशी वीज मिळेल, तेवढ्यावरच कानातली पातळ चकती हलायची. आवाज पुटपुटल्यासारखा येई. 1920 च्या दशकात घरोघरी क्रिस्टल रेडिओ आले. बॅटरी नाही, वीज नाही, फक्त एक लांब तार आणि कानाला हेडफोन. ते ऐकायचे तर घरात शांतता हवी, म्हणून ऐकणं बहुधा रात्रीचंच. हा मुद्दा लक्षात ठेवा : हेडफोनचा जन्म बारीक आवाज शांत जागी ऐकण्यासाठी झाला. मोठा आवाज त्याच्या नशिबी फार नंतर आला.

मोठ्या आवाजाने कान जातात हे मात्र त्याच्याही कितीतरी आधी माहीत होतं. व्यवसायजन्य आजारांचे जनक मानले जाणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 सालच्या ग्रंथात व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं आहे, की दिवसभर भांडी ठोकून त्यांना कमी ऐकू येऊ लागतं. पुण्याच्या तांबट आळीतून जो कधी गेला असेल, त्याला हे वेगळं समजवायला नको. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या कामगारांचे कान तपासले आणि तीच गोष्ट पद्धतशीरपणे मांडली.

यामागचं कारण साधं आहे. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो, कॉक्लिया. त्यात जन्मतः साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात याच पेशी करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वाकतात आणि शेवटी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. यकृत भरून येतं, हाड जुळतं, केसपेशी गेली ती गेली. आधी बारीक, उंच स्वर जातात : च, स, फ अशी अक्षरं. म्हणून रुग्ण "ऐकू येत नाही" असं म्हणत नाही, "ऐकू येतं, पण शब्द कळत नाही" असं म्हणतो.

आता 1958. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस नावाचा तरुण होता. लग्नात सोफा घेण्यासाठी मिळालेले पैसे त्याने रुग्णालयातल्या रुग्णांना टीव्ही भाड्याने देण्याच्या धंद्यात घातले होते. (सोफ्याचं पुढे काय झालं, ते त्याच्या पत्नीला विचारायला हवं होतं!) इंजिनीअर मित्र मार्टिन लँग याच्याबरोबर त्याने एक छोटा रेकॉर्ड प्लेअर तयार केला, आणि एकट्याला ऐकता यावं म्हणून सोबत स्टिरिओ हेडफोन दिला. लोकांनी प्लेअरकडे दुर्लक्ष केलं आणि हेडफोन डोक्यावरून काढेनात. संगीतासाठी घरोघरी हेडफोन वापरण्याची सुरुवात इथून धरतात.

त्या काळचे हेडफोन जड आणि बंद. कानावर वाटी घट्ट झाकल्यासारखे. तासाभरात कान गरम व्हायचे. 1968 मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने वेगळा विचार केला. त्यांच्या 'एचडी 414' या हेडफोनची पाठ उघडी होती आणि कानावर हलका पिवळा स्पंज होता. हवा खेळती राहायची, डोक्यावर भार नाही, आवाज मोकळा. हा प्रकार प्रचंड खपला. रात्री घरी ऐकणाऱ्यासाठी माझ्या मते हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि त्याचीच आठवण दुकानदार करून देत नाही. उघड्या पाठीचा किंवा साध्या स्पंजचा हेडफोन घातला की बाळ रडलेलं ऐकू येतं, शेजारच्या खोलीतल्या आजारी आईची हाक ऐकू येते. थोडा आवाज बाहेर झिरपतो हे खरं, पण हळू लावलं तर शेजारी झोपलेल्याला तो जाणवतही नाही. ज्या घरात रात्री कुणाची तरी काळजी घ्यावी लागते, तिथे कान पूर्ण बंद करणारा हेडफोन मी कधीच सुचवत नाही.

आपल्याकडे तेव्हा ट्रान्झिस्टरचे दिवस होते. उशीजवळ रेडिओ, एका कानात पांढरी डबी, आणि विविध भारतीवर रात्री उशिराचं 'बेला के फूल'. माझ्या पिढीच्या अनेकांची हेडफोनशी ओळख त्या एका कानाच्या डबीनेच झाली.

1 जुलै 1979 ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला आणि हेडफोन घराबाहेर पडला. सोबतचा हेडफोन फक्त 50 ग्रॅमच्या आसपास. गंमत म्हणजे पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती, आणि ऐकताना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक नारिंगी बटण होतं. एकट्याने ऐकणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, अशी कंपनीला भीती होती! ती भीती व्यर्थ ठरली.

खरी अडचण इथून सुरू झाली. रस्त्यावर, बसमध्ये, लोकलमध्ये बाहेरचाच आवाज इतका असतो की गाणं त्याच्या वर न्यावं लागतं. गोंगाटात व्हॉल्यूम वाढतो, आणि कानांना तीच सवय लागते. 2001 मध्ये आयपॉड आला आणि बॅटरी तासन्‌तास टिकू लागली. फ्रान्समध्ये अशा यंत्रांना 100 डेसिबलची कायदेशीर मर्यादा होती. त्यामुळे 2002 मध्ये तिथे आयपॉडची विक्री काही काळ थांबली, आणि आवाज मर्यादित करणारं सॉफ्टवेअर आल्यावरच पुन्हा सुरू झाली.

बाहेरचा गोंगाट पुसणारं 'नॉइज कॅन्सलिंग' हे तंत्र अमर बोस यांना 1978 मध्ये विमानप्रवासात सुचलं. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. तंत्र उत्तम आहे, प्रवासात कान वाचवतं. पण ते विमानाच्या घरघरीसाठी जन्मलं. रात्री अकराला तुमच्या बेडरूममध्ये विमान उडत नाही. घर अगदी हमरस्त्यावर किंवा रेल्वेलाईनला लागून असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर त्यासाठी जास्तीचे हजारो रुपये मोजू नका.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आहे आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल. मुलांसाठी 75. डेसिबलचं गणित फसवं असतं : दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा. 83 ला 20 तास, 86 ला 10. रात्रीच्या शांत खोलीत साधारण 30 ते 40 डेसिबल असतात आणि समोरासमोरचं बोलणं 60 च्या आसपास. म्हणजे रात्री 55-60 वर सगळं छान ऐकू येतं. बाल्डविनचे ग्राहक त्याहूनही कमीत भागवत होते. धोका एवढाच, की संध्याकाळी लोकलमध्ये वाढवलेला व्हॉल्यूम फोन लक्षात ठेवतो आणि रात्री कानात तेवढ्याच जोराने सोडतो. म्हणून रात्री हेडफोन लावण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणा, आणि शब्द कळू लागले की थांबा.

खरेदीबद्दल : पाच-सातशे रुपयांतला हलका, वायरचा, कानावर टेकणारा हेडफोन बहुतेकांना पुरतो. दुकानात घालून पाहा, चष्मा लावून पाहा, दहा मिनिटांत कान दुखला तर परत ठेवा. कानाच्या आत बसणारी बोंडं घालून झोपू नका. मळ आत ढकलला जातो, घाम साचतो, आणि पावसाळ्यात बुरशी होते. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही. ज्येष्ठांनी टीव्हीपर्यंत लांब वायर जमिनीवर सोडू नये. रात्री बाथरूमला उठताना तीत पाय अडकून खुब्याचं हाड मोडलं, तर वायरलेसमधले वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू करा, दोन्ही बाजूंचं सगळं एकाच कानात येईल.

आणि दर काही महिन्यांनी व्हॉल्यूम एकेक घर वर चढतोय, असं लक्षात आलं, तर नवा हेडफोन घेण्याआधी ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणी अर्ध्या तासाची असते आणि दुखत नाही. एखाद्या सकाळी अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर मात्र मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणं परत येण्याची शक्यता जास्त असते.